कमरेचा बेल्ट घ्यायला निघण्याआधी

इंदूरच्या दवा बाजारात उभं राहून "एक एलएस बेल्ट द्या, लार्ज" असं म्हणायच्या आधी घरी टेप काढा (एलएस म्हणजे लंबो-सॅक्रल, कमरेच्या मणक्याला आधार देणारा रुंद पट्टा). पँटचा नंबर इथे कामाचा नाही, कारण पँट लोक पोटाखाली अडकवतात आणि बेल्ट पोटावरून जातो, ३४ ची पँट घालणाऱ्या काकांचा घेर टेपने आरामात ३८ भरतो आणि मग आणलेल्या मिडियमचं वेल्क्रो जेमतेम टोकाला चिकटतं. कुठे मापायचं ते डब्यावरच्या चित्रात असतं, आणि टायनोर कंपनीचा लार्ज म्हणजे विस्को कंपनीचा लार्ज असेलच असं नाही, म्हणून कंबर, बेंबीपाशी पोट आणि हिप्स, तिन्ही आकडे इंचात चिठ्ठीवर लिहून न्या. ज्याला घालायचाय त्यालाच सोबत नेता आलं तर सगळ्यात बढिया.

पण टेपच्याही आधी एक गोष्ट बघायची. कंबर दुखतेय आणि सोबत लघवी-संडासवरचा ताबा गेलाय, किंवा बसायच्या जागी बधीर वाटतंय, पाऊल उचलताना लटकतंय, ताप आहे, वजन उगाच उतरतंय, किंवा घरातली म्हातारी आजी पडली आणि तेव्हापासून पाठ धरलीय, तर बेल्ट वगैरे विसरा, आधी डॉक्टर. पहिल्या दोन-तीन गोष्टींत तर उद्यावर सुद्धा टाकायचं नाही, तडक इंदूरचं सरकारी एम.वाय. हॉस्पिटल किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल ते गाठायचं. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, बीपी किंवा ॲसिडिटीचा जास्त त्रास असेल तरी विचारूनच घ्या, कारण बेल्ट पोट आवळतो. गरोदर बायकांचा बेल्ट वेगळा असतो, घरात पडलेला जुना त्यांना गुंडाळायचा नाही.

अपेक्षा काय ठेवायची तेही घरूनच ठरवून निघा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ च्या गाइडलाइनमध्ये कंबरदुखीसाठी बेल्ट देऊ नका असं लिहिलंय, डब्ल्यूएचओनेही (जागतिक आरोग्य संघटना) २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी रुटीनमध्ये देऊ नका असंच म्हटलंय, आणि ज्यांची कंबर ठणठणीत आहे त्यांनी सामान उचलायचं म्हणून बेल्ट बांधला तर दुखणं टळतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. मग लोक घेतात कशाला? तर कंबर धरलेली असते त्या पहिल्या काही दिवसांत तो पोटाला आधार देतो, झटकन वाकू देत नाही, आणि ओट्यापाशी उभं राहून पोळ्या तरी होतात. माझं मत विचाराल तर तेवढ्यापुरताच घ्यावा, आणि घेतानाच कॅलेंडरवर काढायची तारीख टाकावी. थोडे दिवस घातल्याने स्नायू गळतात असं काही पक्कं सिद्ध नाही, पण बेल्टशिवाय वाकायचीच भीती बसते, ती मात्र लवकर जात नाही. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर किंवा फ्रॅक्चरसाठी दिला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्यांचंच ऐकायचं, टेलर ब्रेस (अख्खी पाठ ताठ धरणारा कडक पट्ट्यांचा ब्रेस) वगैरे तर स्वतःच्या मनाने आणूच नये.

दुकानात घालून बघताना अंगात पातळ सुती बनियान हवी. पाठीकडच्या आतल्या कडक पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या यायला हव्यात, मग श्वास सोडून आधी मधलं वेल्क्रो लावायचं आणि मग बाजूचे दोन इलास्टिक पट्टे एकदम पुढे ओढायचे, आत बोट जाईल इतपत. आणि आता खुर्चीवर बसा, हे कोणी करत नाही! बसल्यावर वरची कड बरगडीत आणि खालची जांघेत घुसली तर बेल्ट उंचीला जास्त आहे, बुटक्या बायकांना हे हमखास होतं, कमी उंचीचा मागा. बिल खिशात ठेवा, घालून घामेजलेला बेल्ट दुकानं सहसा परत घेत नाहीत.

साडीवाल्यांनी आणखी एक बघावं. परकराच्या नाडीची गाठ बेल्टखाली आली की ती तासाभरात असा चिमटा काढते की कंबरेपेक्षा तीच जास्त दुखते, गाठ बाजूला सरकवून वरून बेल्ट बांधा आणि वेल्क्रोचं टोक पूर्ण दाबून बसवा, नाहीतर पदराचे धागे ओढले गेलेच समजा.

खांदे मागे ओढणारे पट्टे, ते पॉश्चर करेक्टर, यांच्यावर मी तरी पैसे घालणार नाही. दुकानात कधीकधी क्लॅव्हिकल ब्रेसच पुढे करतात, तो कॉलरबोनच्या फ्रॅक्चरसाठीचा असतो. काखेत काचून हाताला मुंग्या यायला लागल्या की लगेच काढा. दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्यांनी आधी टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात ठेवून बघावी, स्क्रीन डोळ्यांसमोर आणावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणावी, यात पैसा लागत नाही.

वापराचं थोडक्यात: उभं राहायचं काम, प्रवास, एवढ्या वेळेला घाला, मध्ये सोडा, जेवताना सैल करा, झोपताना काढा. अवंतिका एक्सप्रेसने रात्रीचं मुंबईला निघालात तर स्टेशनपर्यंत ठीक, बर्थवर आडवं झालात की बॅगेत. रोज थोडं चालणं सुरू ठेवा, बेल्ट आहे म्हणून पलंगावर पडून राहू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बेल्टखाली घामोळं येणारच, म्हणून दोन बनियान जास्तीच्या आणि बेल्ट वरचेवर धुवायचा. वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, हाताने, आणि सावलीत वाळवून. धुण्याआधी आतल्या पट्ट्या काढायच्या, पण काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण एखादी उलटी गेली की तिचा बाक भलत्या बाजूला येतो आणि टोचतंय काय ते दोन दिवस कळत नाही.