‘जीव नको झालाय’ असं घरातलं माणूस म्हणालं तर: पहिली रात्र आणि पुढचे तीन महिने

‘मला आत्महत्या करायची आहे’ असं आपल्याकडं सहसा कुणी थेट म्हणत नाही. ‘आता बास झालं’, ‘माझ्यामागं पोरांकडं बघा’, ‘मी असलो काय, नसलो काय’ अशी वाक्यं येतात. बायका अनेकदा ‘डोकं फुटतंय, झोप नाही, छातीत धडधडतंय’ एवढंच सांगतात. त्याच्या जोडीला माणूस घरातल्यांना टाळू लागला, आवडीची वस्तू कुणाला देऊन टाकली, कारण नसताना दूरच्या बहिणीला फोन करून निरोपासारखं बोलला, तर वाट पाहू नका. खूप दिवसांच्या घालमेलीनंतर माणूस अचानक शांत झाला, तर ‘सुधारला’ असं गृहीत धरू नका. त्या शांततेमागं निर्णयही असू शकतो, म्हणून त्याच दिवशी विचारा.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतःच त्या अवस्थेत असाल, तर आधी 14416 लावा. ही ‘टेली मानस’ सेवा केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. लागला नाही तर 1800-891-4416. फोन लागेपर्यंत खोलीत एकटे राहू नका, शेजाऱ्यांच्या सोप्यात जाऊन बसा. जिवाला आत्ताच धोका असेल तर 112 किंवा 108.

कसं विचारायचं

चारचौघांत नको, जेवणाच्या ताटावर नको. बाजूला बसून, टीव्ही बंद करून, सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. उलट, लपवलेलं बोलायला पहिल्यांदा वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर आणखी तीन गोष्टी विचारा. कसं करायचं हे ठरवलंय का? कधी? याआधी कधी प्रयत्न केला होता का? मार्ग ठरलेला असेल, वस्तू हाताशी असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल, तर माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही आणि उद्याची वाट न बघता आजच दवाखाना गाठायचा.

इथं चुका कुठं होतात तेही सांगायला हवं. ‘येड्यासारखं बोलू नकोस’ म्हटलं की संवाद तिथंच संपतो. ‘पोरांची शपथ घे’ ही त्याहून मोठी चूक, कारण शपथ घेतलेला माणूस पुढच्या वेळी विचार आला तरी सांगत नाही, शपथ मोडल्याची लाज वाटते. ‘कुणाला सांगू नको’ असं तो म्हणाला तरी तसा शब्द देऊ नका. ‘तुझा जीव महत्त्वाचा आहे, आणखी एका माणसाला सांगावंच लागेल, कुणाला सांगू ते तू ठरव,’ असं म्हणा.

पहिली रात्र

जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळ टिकते. काही मिनिटं, काही तास. ती ओसरेपर्यंत साधन हाताला लागू न देणं, हे घरच्यांच्या हातातलं सगळ्यात परिणामकारक काम आहे. श्रीलंकेनं 1990 च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं काही तेवढी कमी झाली नव्हती.

आपल्याकडं उसाची, भाताची फवारणीची औषधं गोठ्यात, माळ्यावर, पंपाशेजारी ठेवलेली असतात. ती लपवू नका, कारण घरच्या माणसाला घरातल्या सगळ्या जागा ठाऊक असतात. सगळे डबे, अर्धवट बाटल्यासुद्धा, त्याच संध्याकाळी दुसऱ्या घरी कुलपात हलवा. किल्ली तिथल्याच माणसाकडं राहू दे, आपल्या दारामागच्या खिळ्याला नको. पुढं एका फवारणीपुरतंच औषध आणा. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या, आजोबांच्या रक्तदाबाच्यासुद्धा, एका डब्यात घालून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. बोलताना त्यानं ज्या वस्तूचा किंवा जागेचा उल्लेख केला असेल, तिचाही बंदोबस्त करा.

दोन माणसं पाळीनं जागी राहू द्या. खोलीची आतली कडी काढून टाका. ‘मन मोकळं होईल’ म्हणून मित्र पन्हाळ्याला पार्टीला नेतात. हेतू चांगला असतो, पण दारूनं स्वतःला आवरण्याची ताकदच जाते. त्या आठवड्यात एक घोटही नको. आणि सोबतीला बसणारं माणूस मारहाण करणारं किंवा रोज टोचून बोलणारं नसावं. सासरी छळ होत असेल तर माहेरचं माणूस बोलवा, आणि महिलांसाठीचा 181 क्रमांक जवळ ठेवा.

औषध पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी 108 बोलवा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका; औषध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. डबा किंवा लेबल सोबत न्या, उपचार त्यावर ठरतो. ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका, काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. पोलीस केस होईल म्हणून खोटं सांगण्यात वेळ जातो. रुग्णालय नोंद करतं हे खरं, पण मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही.

डॉक्टर आणि गोळ्या

कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. तालुक्याच्या गावात असाल तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा आणि चिठ्ठी घ्या. माणसाला एकटं पाठवू नका. दारातून परतणारे पुष्कळ असतात. जोतिबाला, अंबाबाईला जायचं तर जरूर जा, पण दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढं ढकलू नका.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्या बंद केल्या जातात, नेहमीची चूक. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांत, अस्वस्थता वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवा. एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या मागा आणि त्या घरच्यांनी सांभाळा.

अर्ध्या पानाचा कागद

डोकं जरा निवल्यावर त्याच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात सहा ओळी लिहून घ्या. वादळ येतंय हे मला कशावरून कळतं (‘रात्री दोनला जाग येते, हिशेब सुरू होतात’). तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कुठल्या माणसांत जाऊन बसू शकतो: तालीम, दूध संस्थेचा कट्टा, मामाचं घर. कुणाला खरं सांगू शकतो, नंबरासह. डॉक्टर आणि 14416. घरातलं काय कुलपात आहे. ‘सकारात्मक विचार करीन’ ही ओळ निरुपयोगी. ‘धाकट्याला उठवीन’ ही चालेल. कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये राहू दे.

मूळ दुखणं पैशाचं असेल तर नुसत्या समुपदेशनानं भागत नाही. सोसायटी, बँक, बचत गट, हातउसने, सावकार, सगळं एका वहीत मांडा. न मांडलेलं कर्ज मांडलेल्यापेक्षा मोठं भासतं. सावकार विनापरवाना असेल किंवा धमकावत असेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं लेखी तक्रार करता येते. कर्जाच्या अॅपवाल्यांनी फोटो पसरवायची धमकी दिली तर 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा मदत क्रमांक लावा.

दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक, आणि नेमके तेव्हाच पाहुणे पांगतात. पहिला आठवडा रोज भेटा. नंतर महिनाभर एक दिवसाआड फोन, पुढं तीन महिन्यांपर्यंत आठवड्याला एकदा. चेन्नईसह पाच ठिकाणी झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात तासभराचं बोलणं आणि 18 महिन्यांत नऊ वेळा विचारपूस, एवढ्यानंही मृत्यू कमी झाले. फोनवर उपदेश नको. ‘जेवलास का, झोप लागली का, तो विचार पुन्हा आला का’ एवढंच विचारा. फोन उचलला नाही तर घरी कोण जाऊन बघणार, ते नाव आजच ठरवून ठेवा.