सगळ्यांना मोफत जेवण आणि १ एप्रिलची यादी

हेअरनेट बांधून मी पहिल्यांदा लंच लाइनच्या मागे उभी राहिले ती २०१५ च्या जानेवारीत, ओहायोतल्या एका प्राथमिक शाळेत. दिवसाला साडेतीन तासांचं काम. तिसऱ्या आठवड्यात मला कॅश रजिस्टरवर बसवलं. तिसरीतली एक मुलगी ट्रे घेऊन आली, तिने पिन दाबला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत उणे शिल्लक उमटली. त्या शाळेचा तेव्हाचा नियम असा, की उधारी ठरावीक रकमेच्या वर गेली की गरम जेवण काढून घ्यायचं आणि थंड चीज सँडविच हातात द्यायचं. वाढलेला ट्रे दुसऱ्या कोणाला देता येत नाही, म्हणून तो तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. “मला तशीही भूक नव्हती,” ती म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस ती रांगेत आलीच नाही.

नंतर मॅनेजरबाईंसोबत कागद चाळताना कळलं, की तिच्या घरून मोफत जेवणाचा अर्ज सप्टेंबरातच आला होता. त्यावर सही राहून गेली होती, म्हणून तो परत पाठवला आणि पुन्हा आला नाही. त्या दिवसापासून मी या कामाकडे स्वयंपाकघरातली नोकरी म्हणून बघणं सोडलं. अमेरिकेतल्या शाळांच्या पोषण विभागात येऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांकडून मला अधूनमधून विचारणा होते. वर्क परमिट नुकतं हातात आलेलं असतं, मुलं शाळेत असतात आणि त्यांच्याच वेळेत बसणारं काम हवं असतं. त्यांना मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी हे जेवण चालतं कसं ते समजून घ्या. राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा १९४६ चा, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीचा. नेहमीच्या पद्धतीत मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठी घराने उत्पन्नाचा अर्ज भरायचा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट. त्यावरच्यांनी पूर्ण पैसे द्यायचे. गरिबी जिथे दाट आहे, तिथे ही चाळणी लावण्यातच सगळी शक्ती खर्च होते. अर्ज हरवतात, सही राहते, इंग्रजी न येणारी आई कागद बाजूला ठेवून देते. १८५ टक्क्यांच्या जरा वर असलेल्या घराला तर काहीच मिळत नाही आणि उधारी बरीचशी तिथेच साठते.

यावरचा तोडगा २०१० च्या बालपोषण कायद्यात आला. त्याचं नाव कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन. डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसात, जिथे मी आता काम करते, सगळे नुसतं सीईपी म्हणतात. २०११-१२ मध्ये इलिनॉय, केंटकी आणि मिशिगन या तीन राज्यांत ती सुरू झाली, पुढच्या वर्षी ओहायोसकट आणखी काही ठिकाणी गेली आणि २०१४-१५ पासून देशभर खुली झाली. शाळेने सगळ्या मुलांना सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण दोन्ही मोफत द्यायचं. घरोघरचे अर्ज बंद.

मग सरकार पैसे कशावर देतं? इथे नीट लक्ष द्या, कारण मुलाखतीला जाताना हे माहीत असणारे फार थोडे असतात. ज्या मुलांची नावं अर्जाशिवाय, थेट सरकारी याद्यांतून जुळतात त्यांना ‘आयडेंटिफाइड’ म्हणतात. घराला स्नॅप, म्हणजे फूड स्टॅम्प मिळतात. टॅनफ या गरीब कुटुंबांसाठीच्या योजनेची रोख मदत मिळते. बऱ्याच राज्यांत कमी उत्पन्नाचं मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आहे. मूल फॉस्टर केअरमध्ये (सरकारने दुसऱ्या घरात सांभाळायला दिलेलं), बेघर, स्थलांतरित मजुराचं किंवा हेड स्टार्ट या गरीब मुलांच्या सरकारी बालवाडीतलं आहे. अशा मुलांचं एकूण पटाशी जे टक्केवारीतलं प्रमाण पडतं, ते आयएसपी (आयडेंटिफाइड स्टुडंट पर्सेंटेज). त्याला १.६ ने गुणायचं. येईल तितके टक्के जेवणं मोफतच्या दराने भरून मिळतात आणि उरलेली, पूर्ण पैसे देणाऱ्या मुलामागे सरकार देतं त्या कमी दराने. १.६ अशासाठी, की यादीत सापडणाऱ्या दर दहा मुलांमागे आणखी साधारण सहा मुलं अर्ज भरला असता तर पात्र ठरली असती, असं धरलं आहे. आयएसपी ६२.५ टक्के झाला की गुणाकार १०० वर पोहोचतो.

दोन दरांतलं अंतर प्रचंड आहे. २०२४-२५ मध्ये दुपारच्या मोफत जेवणामागे सरकार चार डॉलरच्या वर देत होतं आणि दुसऱ्या दराने जेमतेम पन्नास सेंटच्या आसपास. मधली खोट डिस्ट्रिक्टने केंद्राचा नसलेला पैसा घालून भरायची.

सीईपीत येण्यासाठी पूर्वी आयएसपी किमान ४० टक्के लागायचा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ही अट २५ टक्क्यांवर आली. बातमी वाचून पुष्कळ मुख्याध्यापक आनंदले आणि मला फोन करू लागले. त्यांना मी आधी गुणाकार करून दाखवते: २५ गुणिले १.६ म्हणजे ४०. शंभरातली साठ जेवणं कमी दराची. शाळा पात्र असणं वेगळं आणि तिला परवडणं वेगळं. दुसरी बाजूही त्यांना सांगते. सगळ्यांना मोफत केलं की रांगेत मुलं वाढतात, आणि त्याच ओट्यावर, त्याच बायकांच्या हातून जास्त ताटं गेली की ताटामागचा खर्च उतरतो. वस्तीतल्या काही शाळा एका गटात बांधून त्यांचा एकत्र आयएसपी काढण्याची मुभाही आहे. कोणती शाळा कोणत्या गटात घालायची, हा हिशेब मांडण्यात मी दर वसंतात कितीतरी संध्याकाळी घालवते, आणि मला तो मनापासून आवडतो.

आता यादी. आयएसपीसाठी धरला जातो तो १ एप्रिलचा आकडा, नाव नोंदवायचं ३० जूनपर्यंत, आणि एकदा ठरलेला आयएसपी चार वर्षं चालतो. मधे वाढला तर नवा घेता येतो, घसरला तरी ते चक्र संपेपर्यंत जुना टिकतो. म्हणजे एका दिवसाच्या यादीवर चार वर्षांची ताटं उभी असतात.

ऑफिसात आल्यावर पहिल्या वर्षी मी काय चूक केली ते सांगते. राज्याकडून आलेली जुळलेल्या नावांची फाइल मी जशीच्या तशी उचलली. संगणकाने जुळवलं आहे, आता मी त्यात काय करणार, असं वाटलं. मेमध्ये एका शाळेच्या सेक्रेटरीने सहज विचारलं, “यादीत ताईचं नाव आहे, धाकट्या भावाचं कसं नाही? दोघं एकाच घरातून येतात.” नियम असा, की घरातल्या एकाला जरी स्नॅप मिळत असेल तरी त्या घरातली सगळी मुलं धरायची. संगणकाला भाऊ सापडला नव्हता कारण त्याची दोन आडनावं होती. शाळेत पहिलं लिहिलं होतं आणि सरकारी नोंदीत दुसरं. शोधायला बसले तेव्हा अशी भावंडं एकामागून एक निघत गेली. पण १ एप्रिल उलटून गेला होता. ती रात्र मला झोप लागली नाही.

समजा एका शाळेत ८०० मुलं आहेत आणि ४१२ जुळली. आयएसपी ५१.५, गुणाकार ८२.४. आता सुटलेली १७ भावंडं सापडली, तर ४२९ होतात, गुणाकार ८५.८. फरक ३.४ टक्क्यांचा, ऐकायला किरकोळ. पण रोज ६०० जेवणं आणि १८० दिवस धरले तर तो ३,६७२ जेवणांचा होतो. ताटामागे चार डॉलर, म्हणजे एका शाळेमागे वर्षाला चौदा हजारांच्या वर. तेवढ्यात वाढपाची एक बाई ठेवता येते किंवा डबाबंद फळाऐवजी ताजं फळ घेता येतं.

आपल्या लोकांना या कामात एक गोष्ट उपयोगी पडते: नावांचे घोळ आपण जन्मापासून पाहिलेले असतात. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरं. म्हणून स्पॅनिश दुहेरी आडनाव किंवा सोमाली तीन नावांची साखळी बघून आपण गोंधळत नाही. जन्मतारीख आणि पत्ता धरून माग काढा, शाळेच्या ऑफिसात जाऊन भावंडं विचारा, डिस्ट्रिक्टमध्ये बेघर मुलांचं काम बघणाऱ्या व्यक्तीकडून तिची यादी दर महिन्याला मागून घ्या. एकच जपा: फॉस्टर मुलाचा हक्क त्या एका मुलापुरता असतो, तो घरातल्या इतर मुलांना लावायचा नाही.

पण ऑफिसात येण्याआधी निदान एक वर्ष लाइनवर काढा, तुमच्याकडे कितीही मोठी पदवी असली तरी. रजिस्टरवर मोजणी कशी बिघडते, हे तिथेच कळतं. सीईपीत पैसे घ्यायचे नसले तरी प्रत्येक जेवण मोजावंच लागतं, आणि तेही मूल पूर्ण जेवण घेऊन पुढे सरकल्यावर. सकाळची हजेरी घेऊन किंवा रिकामे ट्रे मोजून आकडा लिहिला तर क्लेम (सरकारकडे केलेली पैशांची मागणी) फेटाळला जातो. बऱ्याच शाळांत दुपारच्या जेवणाच्या पाच घटकांपैकी किमान तीन मुलाने उचलायचे असतात आणि त्यांत अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच. पोरगं पिझ्झा आणि दूध घेऊन आलं तर धान्य, प्रथिन आणि दूध मिळून तीन घटक झाले, पण ते जेवण मोजता येत नाही. नवखी कॅशियर दयेपोटी “जाऊ दे बाळा” म्हणते. तुम्ही हसून सफरचंदाची टोपली पुढे करा. आमच्याकडे टोपली रजिस्टरच्या अगदी शेजारी ठेवायला लागल्यापासून मुलांना रांगेत मागे पाठवायची वेळच येत नाही. नको असलेलं अख्खं फळ शेअर टेबलवर ठेवता येतं, तिथून दुसरं भुकेलं मूल उचलतं.

नोकरीत शिरण्याची वाट बहुतेक ठिकाणी अशी असते: आधी बदली कामगार, बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी, मग तीन-चार तासांची कायम जागा. पगार कमी असतो, हे आधीच ओळखून या. सर्व्हसेफचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, प्रमाणपत्र लवकर करून टाका. गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड ४१ च्या खाली, हे तुम्हाला झोपेतही सांगता आलं पाहिजे. २०१५ च्या जुलैपासून केंद्राने वार्षिक प्रशिक्षणाचे तास ठरवून दिले आहेत: आठवड्याला वीस तासांहून कमी काम करणाऱ्यांना चार, त्यावरच्यांना सहा, मॅनेजरला दहा, डायरेक्टरला बारा. सीईपी, मोजणी आणि क्लेम यांचे वर्ग निवडा. ऑफिसातली जागा निघाली की तेच बघितलं जातं. पुढे डायरेक्टर व्हायचं असेल तर भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून ठेवा.

पालकांशी बोलण्याचा भाग कोणी शिकवत नाही. जेवणाचा अर्ज बंद झाला तरी राज्याच्या अनुदानासाठी काही डिस्ट्रिक्ट उत्पन्नाचा दुसरा फॉर्म पाठवतात, आणि “जेवण तर फुकट आहे, मग हे कशाला?” म्हणून तो परत येत नाही. तो जेवणाचा अर्ज नाही, त्याचा खर्चही आपल्या जेवणाच्या खात्यातून करता येत नाही, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

करोनाच्या काळात, २०२० च्या मार्चपासून २०२२ च्या जूनपर्यंत, केंद्राच्या सवलतींमुळे देशभरातल्या शाळांना मुलांना मोफत जेवण देता आलं. सवलती संपल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी अर्ज आणि उधारी परत आली. आम्ही २०१६ पासून सीईपीत होतो, म्हणून आमच्या मुलांना काही कळलंही नाही. आता मला काळजी वेगळी आहे. २०२५ च्या जुलैत मंजूर झालेल्या कायद्याने स्नॅप आणि मेडिकेडच्या अटी कडक केल्या आहेत. घर त्या यादीतून गळलं की मूल आमच्या यादीतून गळतं, त्याची भूक तेवढीच राहते. म्हणून या वर्षी मी मार्चची वाट न पाहता ऑक्टोबरपासूनच जुळणी करते आहे.

ती तिसरीतली मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी आमची शाळा सीईपीत आली. पहिल्याच दिवशी ती ट्रे घेऊन रजिस्टरपाशी थांबली आणि स्क्रीनकडे बघत राहिली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्यावर फक्त तिचं नाव होतं. तिने ते वाचलं, टोपलीतलं एक सफरचंद उचललं आणि मैत्रिणींच्या टेबलाकडे गेली.

आज माझ्या टेबलावर एका शाळेची अकरा नावं न जुळता पडून आहेत. उद्या सकाळी न्याहारीची रांग संपली की त्यांच्या सेक्रेटरीकडे जाऊन एकेकाच्या भावंडांची चौकशी करायची आहे.