रॅम बोर्डावर सोल्डर, तरी वाढवता आली: माझा अनुभव

माझ्या लॅपटॉपमध्ये 4 जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली), आणि जादा रॅमसाठी रिकामा स्लॉट एकच. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की मशीन गुदमरायचं. नवा घ्यायची माझी तयारी नव्हती. बाकी सगळं ठणठणीत होतं.

आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा प्रकार आणि वेग पाहिला: डीडीआर4, 3200. त्याच प्रकारची, त्याच वेगाची 16 जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आणली. डीडीआर5 या पुढच्या पिढीच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, म्हणून हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं.

मागचं झाकण उघडून पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढला. स्टिक तिरकी सरकवून खाली दाबली, चालू केलं, तर स्क्रीन काळीच! पोटात गोळा आला. पुन्हा उघडलं, तर सोनेरी दातांची बारीक रेघ स्लॉटबाहेर दिसत होती. स्टिक पूर्ण आत गेलीच नव्हती. अंगठ्याने नीट आत रेटली, मग दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क वाजल्या. यावेळी स्क्रीन जवळजवळ मिनिटभर काळी राहिली, पण पहिल्यांदा नवी मेमरी ओळखायला वेळ लागू शकतो, घाईने बंद करू नका.

आता 20 जीबी दिसते. इंटेलच्या फ्लेक्स मोड या सोयीमुळे सोल्डर केलेली 4 अधिक स्टिकमधली 4 अशी 8 जीबी ड्युअल चॅनेलवर (दोन वाटांनी एकाच वेळी, म्हणून जास्त वेगाने) चालते, उरलेली 12 सिंगलवर, म्हणजे एकाच वाटेने. मला रोजच्या कामात या दोन्हींतला फरक जाणवत नाही. सोल्डर रॅम 8 जीबी असेल, तर 8 चीच स्टिक लावली की सगळी रॅम ड्युअल चॅनेलवर चालते.