मोबाईलवरचं शिक्षण विद्यार्थी का टाळतात? या चुका टाळा

अभ्यासाच्या ॲपवर हजेरी सक्तीची केली की लॉगिनचे आकडे फुगतात. पहिली गफलत इथेच होते, कारण सक्तीने झालेला वापर म्हणजे स्वीकार नव्हे. गुण किंवा हजेरीशी न जोडलेला मजकूर किती जण उघडतात आणि पुढच्या आठवड्यात किती जण परत येतात, ते मोजा. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या, संशोधक व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या ‘यूटॉट’ प्रारूपात वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा, हे वेगळं धरलंय ते यासाठीच. सक्ती असली की ‘सर सांगतात म्हणून’ या कारणाचं वजन वाढतं.

ॲप सोपं केलं की झालं, हाही गैरसमज. संशोधक फ्रेड डेव्हिसने १९८९ मध्येच दाखवलं होतं की सोपेपणापेक्षा उपयुक्तता वापराशी जास्त घट्ट जोडलेली असते. सगळ्या नोट्स वर्गाच्या ग्रुपवर आधीच फिरत असतील तर ॲप कोण उघडेल? निदान असाइनमेंटवरचा अभिप्राय तरी दोन दिवसांत आणि फक्त ॲपवरच द्या.

सगळ्यात जास्त घोळ मजकुरात असतो. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर, उभ्या धरलेल्या फोनची पडद्याची रुंदी साधारण ७०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. मग बोटांनी मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. दोन पानांत कंटाळा येतो. पीडीएफऐवजी पडद्यानुसार ओळी मोडणारं पान द्या. व्हिडिओचंही तसंच. ४० मिनिटांचं व्याख्यान १.५ एमबीपीएसने (सेकंदाला दीड मेगाबिट) ४५० एमबी खातं, ०.५ एमबीपीएसने १५० आणि ४८ केबीपीएसचा नुसता आवाज जेमतेम १४ एमबी. तिन्ही पर्याय ठेवा, डाउनलोडची सोय द्या आणि आकार बटणावरच लिहा. फळ्यावरची गणितं असतील तर मात्र नुसत्या आवाजाचा उपयोग नाही.

नोटिफिकेशन दिवसाला एकच, एकत्रित. दहा आले की विद्यार्थी सगळेच बंद करतात आणि परीक्षेची सूचनाही त्यात जाते.

शेवटची चूक सर्वेक्षणाची. प्रश्नावली ॲपमधूनच पाठवली तर ज्यांनी ॲप सोडलं ते सुटतात, उरतात ते खूश असलेले. ती वर्गात कागदावरही द्या. ‘ॲप सोपं आणि उपयुक्त आहे का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत, तोडून विचारा. आणि ‘फोन आहे का?’ याच्या जागी ‘फोनमध्ये किती जागा मोकळी आहे?’ असं विचारा.