शिडाच्या बोटीतून सेशेल्स: बेळगावकरांसाठी आठवड्याचा बेत

आधी सुट्टी ठरते आणि वारा मग बघितला जातो, तिथेच बेत फसतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि दसऱ्याला. थायलंडमधल्या फुकेतकडचा समुद्र मे ते ऑक्टोबर पावसाळी असतो, म्हणजे दसऱ्याला तिकडे जाण्यात अर्थ नाही. सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचा जोरदार वारा आणि डिसेंबर ते मार्च वायव्येचा पावसाळी वारा असतो. मधले एप्रिल आणि ऑक्टोबर शांत. आपल्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या तिथे बसतात. एप्रिलमध्ये वारा इतका पडतो की कधीकधी इंजिनावरच जावं लागतं. शिडाचा खरा आनंद हवा असेल तर ऑक्टोबर निवडा.

बोट सहा महिने आधी ठरवा. पहिल्या खेपेला दोन सांगाड्यांची, म्हणजे कॅटामरान घ्या. ती एका बाजूला कलत नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही झेपते. चाळीस फुटी बोटीत बहुधा चार केबिन असतात, पण त्यातली एक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, द्यावी लागते. म्हणून तीन जोडप्यांपेक्षा जास्त माणसं नेऊ नका. तांडेल घ्यायचाच, अनुभवाच्या कागदपत्रांशिवाय बोट तुमच्या हाती कुणी देणार नाही. भाड्यात डिझेल, तांडेलाचा पगार आणि जेवण, सागरी उद्यानाचं शुल्क, छोट्या होडीचं इंजिन यांपैकी काय काय धरलंय, ते लेखी घ्या. अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करून मर्यादा वाढवून घ्या. व्हिसा लागत नाही, पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. सांबऱ्याहून मुंबई किंवा बंगळूर गाठताना मध्ये एक रात्र हातात ठेवा. जोडविमान चुकलं तर बोटीचा दिवस वाया जातो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

मार्ग लहान ठेवा. सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटाहून प्रालँ बेट सुमारे 24 समुद्री मैल, म्हणजे 45 किलोमीटर. ताशी पाच मैलांच्या वेगाने पाच तास. हाच आठवड्यातला सगळ्यात लांब टप्पा. पहिली रात्र माहेजवळच सेंट ॲनपाशी काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघा. प्रालँहून पुढे क्युरिअस (इथे मोठी कासवं बघायला मिळतात) आणि ला दिग ही बेटं जवळजवळ आहेत. परतीची शेवटची रात्र पुन्हा माहेच्या आसपास हवी.

चोर्ला घाटात ज्याला गाडी लागते, त्याला बोटही लागेल असं धरून चाला. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती निघण्याच्या तासभर आधी पोटात गेलेली असू द्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. अशा माणसाला खाली केबिनमध्ये झोपवू नका, वर वाऱ्यावर बसवून नजर क्षितिजावर ठेवायला सांगा.

आपल्या माणसांची हमखास गल्लत होते ती पाण्यात. टाकी 600 लिटरची आणि तांडेल धरून माणसं सात असली, तर आठवड्यात माणशी रोज बारा लिटरच येतं. आपली अंघोळच वीस लिटरची! समुद्रात डुंबून वर आल्यावर दोन तांबे गोडं पाणी अंगावर घ्यायचं, एवढंच. प्रालँला टाकी भरून घ्या. पिण्याचं पाणी बाटल्यांतून वेगळं ठेवा. संडासात टिश्यू टाकू नका. तुंबला तर तो उपसण्यात अर्धा दिवस जातो.

ताजी फळं, भाज्या, मांस, बियाणं तिकडे नेऊ नये. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचं करदंट बंद पाकिटात न्या. कुंदा नको, दुधाचा पदार्थ, उकाड्यात टिकत नाही. तीन लिटरचा कुकर मात्र जरूर घ्या, डाळभातावर गॅस वाचतो. सामान कापडी पिशव्यांतच भरा. कडक सूटकेस ठेवायला बोटीत जागा नसते.

नांगर टाकणं तांडेलाचं काम असलं, तरी समजून घ्या. दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचा, म्हणजे ऊन वरून पडून तळ दिसतो. फिकट निळं दिसतं तिथे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. नांगर वाळूतच पडला पाहिजे. प्रवाळावर टाकला तर ते मोडतं आणि साखळीही अडकते. जिथे बोट बांधायचे तरंगते बोये आहेत तिथे नांगर टाकूच नये. पाणी सहा मीटर खोल आणि बोटीचं नाक पाण्यावर एक मीटर, तर सातच्या पाचपट, पस्तीस मीटर साखळी सोडायची. मग इंजिन हळूहळू उलटं चालवून नांगर रुतवायचा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा एक खडक एका रेषेत धरा. अर्ध्या तासाने ती रेष मोडलेली दिसली, तर नांगर घसरतोय. लगेच तांडेलाला हाक मारा, नांगर उचलून पुन्हा टाकायला लावा आणि अंधार पडायच्या आत एकदा पुन्हा ती रेष बघा.