हार्ट फेल्युअरचा पेशंट ॲडमिट करताय? किडनीची तयारी घरूनच करा

आधार कार्ड, विम्याचे कागद, चार्जर, चष्मा. हे कुणी विसरत नाही, पुढे जाऊ. पिशवीत सगळ्यात आधी टाकायचा तो क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी; आकडा चढला की काम मंदावलं). जुना म्हणजे पेशंट बरा असतानाचा. दोन-तीन असतील तर तारखेप्रमाणे लावून सगळेच घ्या. मागच्या खेपेला आमची फाइल कपाटात राहिली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "आधी किती असायचं?" आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

नुसत्या आजच्या आकड्यावरून काही कळत नाही. १.९ आलं आणि वर्षभर १.८ च असेल, तर किडनी आधीपासूनच अधू आहे. महिन्यापूर्वी १.० असेल, तर किडनीला आत्ता फटका बसलाय. ४८ तासांत ०.३ वाढलं तरी डॉक्टर ते किडनीची तातडीची इजा म्हणून धरतात. पण वाढलं कशावरून? जुना रिपोर्ट! फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, कागदही न्या.

औषधं पाकिटासकट न्या. "ती सकाळची पांढरी गोळी" असं सांगून उपयोग नाही. लघवीची गोळी शेवटची कधी घेतली तेही सांगा. चिठ्ठीवर नसलेलं तर सांगाच: गुडघ्यासाठी परस्पर घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, कुणी दिलेला काढा, भस्म. या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो, अंगात मीठ-पाणी साठतं, वर लघवीच्या गोळीचा जोरही कमी होतो. पेशंट डोळे वटारेल. वटारू दे.

रोजच्या वजनाची वही असेल तर तीही घ्या.

वॉर्डात गेल्यावर लघवी मोजली जाते, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. पॉट भरला की कुणीतरी ओतून टाकतं. पेशंट आपल्या खांद्यावर हात ठेवून संडासात जाऊन आला, तर ती लघवी तक्त्यात येतच नाही. मग संध्याकाळी राउंडला "आज लघवी कमी झाली" असं ठरतं आणि डोस त्यावर बदलू शकतो. मोजून सिस्टरना सांगितल्याशिवाय ओतायचं नाही, हे मावशींनाही सांगा आणि रात्री थांबणाऱ्या भाच्यालाही. पाण्याची मर्यादा दिली असेल तर चहा, ताक, सूप, वरणाचं पाणी सगळं त्यातच धरायचं. भेटायला येणारे शहाळी आणतात. प्रेमाने आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर, आणि किडनी मंदावली की ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नाही.

शिरेतून लॅसिक्स (लघवी वाढवून साठलेलं पाणी काढणारं औषध) सुरू झालं आणि क्रिएटिनिन थोडं चढलं की एखादे काका म्हणणारच, "त्या इंजेक्शनने किडनी घालवली." लगेच भांडायला जाऊ नका. हृदय दमलं की रक्त शिरांमध्ये तुंबतं, किडनीच्या शिरांतला दाब वाढतो आणि तिचं काम अडतं. साठलेलं पाणी निघालं की अनेकदा तीच सुधारते. सूज उतरतेय, लघवी होतेय आणि आकडा किंचित वर, हे बरेचदा चालवून घेतात. किंचित की जास्त, हे मात्र पुन्हा जुन्या रिपोर्टशी ताडूनच कळणार. अँजिओग्राफी ठरली तर डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रव्य) देण्याआधीही तोच कागद पुढे करा. कितीदा सांगू?

डिस्चार्जला घाई असते, तरी एवढं लिहून घ्या: त्या दिवशीचं वजन, थांबवलेल्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या, क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचं (बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सांगतात). मनाने काही बंद-चालू नको. लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियमच घातलेलं असतं. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.