स्वस्त लिनक्स लॅपटॉप आणि टॅबलेट: कोकणात या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी येतो तेव्हा बॅगेतून एखादा जुना छोटा लॅपटॉपही गावी येतो. ११ इंची पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, आणि विंडोजने केव्हाच मान टाकलेली. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम, घालून तो आंब्याच्या हिशेबाला, होमस्टेच्या बुकिंगला नाहीतर पोरांच्या अभ्यासाला लावायचा बेत चांगलाच असतो. पण महिन्याभरात तो बंद पडतो आणि खापर लिनक्सवर फुटतं. खरं तर बऱ्याचदा दोष चार्जरचा असतो, भरलेल्या डिस्कचा असतो किंवा हवेतल्या ओलीचा. म्हणून दोष कुठला ते आधी ठरवा, मगच हात लावा.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या.

विंडोज पुसायची घाई

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. स्वस्त टॅबलेटमध्ये टचसाठी बहुतेक वेळा सिलीड कंपनीची चिप असते. तिला चालवणारी फर्मवेअर फाइल प्रत्येक मॉडेलच्या पडद्यानुसार वेगळी असते आणि ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच दडलेली असते. विंडोज पुसलं की ती गेली. मग टच मुळीच चालत नाही, किंवा बोट डावीकडे लावलं की टिचकी उजवीकडे पडते. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज, मग सिस्टम३२ या फोल्डरमधले ‘ड्रायव्हर्स’ आणि ‘ड्रायव्हरस्टोअर’ हे दोन्ही फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा.

दुसरं म्हणजे, लिनक्स इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच ‘लाईव्ह’ चालवून अर्धा तास वापरून बघा. वाय-फाय लागतं का, स्पीकर वाजतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, कॅमेरा दिसतो का? जे लाईव्हमध्ये चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू लागेल, या भरवशावर राहू नका.

पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही

पहिला संशय डाउनलोडवर घ्या. मिंट या लिनक्सच्या प्रकाराची फाइल जवळपास ३ जीबीची असते, आणि डोंगराआडच्या वाडीत मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते. फाइल पूर्ण उतरल्यासारखी दिसते, पण आतून तुटलेली असते. ‘एसएचए२५६सम’ ही कमांड फाइलच्या नावासकट चालवा. येणारी ६४ अक्षरं वेबसाइटवर दिलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. रेंजची बोंब असेल तर डेबियन या दुसऱ्या प्रकाराचा छोटा नेट-इन्स्टॉलर घ्या. तो १ जीबीपेक्षा लहान आहे, मात्र बाकीचा माल इन्स्टॉल होताना नेटवरूनच येतो.

फाइल बरोबर आहे, तरी यंत्र कशावरून सुरू करायचं त्या बूटच्या यादीत पेन ड्राइव्ह दिसत नाही? मग प्रोसेसर बघा. इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ असलेली यंत्रं विचित्र आहेत: प्रोसेसर ६४ बिट, पण यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, ३२ बिट. नेहमीचा ६४ बिट लिनक्सचा पेन ड्राइव्ह त्याला ओळखूच येत नाही. डेबियन १२ पासून ६४ बिटच्या इन्स्टॉलरमध्येच या जोडगोळीची सोय आहे, त्यामुळे इथे डेबियनच सोपं पडतं. त्याहून जुन्या, एन२७० अ‍ॅटमच्या नेटबुकचा प्रोसेसरच ३२ बिट असतो, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. त्यांच्यासाठी डेबियन १२ किंवा अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती बघा.

याच झेड३७३५एफवर आणखी एक रोग आहे: काम चालू असताना सगळं गोठतं, माऊसही हलत नाही. अशा वेळी ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कर्नल ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ घालून दोन दिवस बघा. गोठणं थांबलं तर ते कायम ठेवा, फक्त बॅटरी लवकर उतरेल. फरक पडला नाही तर काढून टाका. उपयोग नसलेली ओळ तिथे राहिली की पुढच्या दुरुस्तीत तीच घोळ घालते.

पाइनबुक प्रो हा लिनक्ससाठीच बनवलेला स्वस्त लॅपटॉप वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यातला आरके३३९९ प्रोसेसर सुरू होताना आधी एसपीआय (बोर्डवरची छोटी चिप), मग ईएमएमसी (आतली मुख्य साठवण) आणि नंतर एसडी कार्ड असा क्रम धरतो. ईएमएमसीवरचा बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) बिघडला असेल तर चांगलं कार्ड घालूनही यंत्र त्याच्याकडे वळत नाही. मागचं झाकण उघडून आतलं ईएमएमसीचं छोटं बटण बंद करावं लागतं. जुन्या, साध्या पाइनबुकला ही कटकट नाही, तो आधी कार्डच बघतो.

३२ जीबी म्हणजे हातात २९

बहुतेक स्वस्त यंत्रांत ईएमएमसी बोर्डवर डाग देऊन बसवलेली असते. ती बदलता येत नाही आणि लिहून लिहून झिजते. ती किती झिजली ते ‘/सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/डिव्हाइस/लाइफ_टाइम’ ही फाइल ‘कॅट’ने उघडून कळतं (‘एमएमसीबीएलके’पुढचा आकडा शून्यऐवजी एकही असू शकतो). ०x०१ म्हणजे १० टक्क्यांपर्यंत झीज, ०x०ए म्हणजे ९० च्या पुढे, ०x०बी म्हणजे ठरलेलं आयुष्य संपलं. जुना लॅपटॉप विकत घेताना लाईव्ह पेन ड्राइव्ह लावून एवढं एक जरी बघितलंत तरी पैसे वाचतील. पुसलेली फाइल रीस्टार्टनंतर परत जिथल्या तिथे दिसते आहे? मग ती ईएमएमसी लिहिणं सोडून बसली आहे. फॉरमॅट करत बसू नका, डेटा काढून घ्या.

झीज कमी करायची तर स्वॅप (रॅम भरली की वापरायची जास्तीची जागा) डिस्कवर ठेवू नका. ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज टाका, ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ या फाइलमध्ये टक्केवारी ५० करा आणि कुठली डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमधली स्वॅपची ओळ # घालून बंद करा. स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवला जातो आणि २ जीबीचं यंत्र थोडं मोकळा श्वास घेतं. ‘एफएसटॅब’मध्येच मुख्य डिस्कच्या ओळीवर ‘नोएटाइम’ लिहा.

आता नेहमीची तक्रार: पासवर्ड बरोबर आहे, पण लॉगिन करताच पुन्हा लॉगिनचाच पडदा. पासवर्ड बदलण्यात वेळ घालवू नका, बहुधा डिस्क काठोकाठ भरलेली असते. आणि भरणारा गडी बहुधा टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा प्रोग्राम, असतो. ५०० जीबीच्या डिस्कवर तो गुणी, पण ३२ जीबीवर चार-पाच स्नॅपशॉट झाले की सगळं गिळतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा. ‘डीएफ -एच’ने जागा बघा, मग ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट-ऑल’, ‘सुडो एपीटी क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५०एम’. यंत्र सुरू झालं की टाइमशिफ्टचं वेळापत्रक बंद करा आणि घरचे फोटो, हिशेब बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा.

जागेसाठी मायक्रोएसडी कार्ड घालताय तर आधी ‘एफ३’ हे पॅकेज टाकून ‘एफ३राइट’ आणि ‘एफ३रीड’ने तपासा. आठवड्याच्या बाजारात मिळालेलं ‘५१२ जीबी’चं कार्ड आतून ३२ चं निघू शकतं, आणि जागा संपल्यावरच्या फाइली गुपचूप गायब होतात.

पिन बसली म्हणजे चार्जर चालला असं नाही

गोल पिनचे चार्जर दिसायला सारखे असतात. पाइनबुकला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. बऱ्याच छोट्या लॅपटॉपना १२ व्होल्ट लागतात. १२ चा चार्जर ५ च्या यंत्रात घातला की बोर्ड जळतो. उलट केलंत तर जळत नाही, नुसतं चार्ज होत नाही आणि लोक बॅटरी बदलत बसतात. यंत्राच्या पाठीवरचा व्होल्टचा आकडा चार्जरवरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. अँपिअर चार्जरवर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही.

चार्जिंगला लावल्यावरच टच वेडावतो, कर्सर आपोआप उड्या मारतो, धातूच्या पाठीला हात लावला की मुंग्या येतात? चार्जर काढून बघा. लगेच सुधारलं तर ड्रायव्हर शोधू नका. दोन पिनचा चार्जर असेल तर दुसरा चांगला चार्जर लावून बघा. तीन पिनचा असेल तर घरचं अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात पाणी ठरत नाही, वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि माती सुकली की अर्थिंग कामातून जातं.

पावसाळ्यात लाईट येते-जाते. बॅटरी मेलेला लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवणं म्हणजे दर वेळी फाइल सिस्टम अर्धवट सोडून उठणं. अपडेट चालू असताना लाईट गेली तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही जोडी बहुतेकदा निस्तरते. विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि ब्रॉडबँडची लॅन केबलही काढा, तिच्यातूनही वीज आत येते.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट मिटत नाही, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबून बसवू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका.

खारी हवा

वेंगुर्ले, मालवण, हर्णै, श्रीवर्धन: किनाऱ्याला लागून घर असेल तर यूएसबीच्या तोंडावर हिरवट थर येतोच. पेन ड्राइव्ह मधूनच तुटतो, कीबोर्डची एखादी ओळ मरते. ‘डीएमईएसजी -डब्ल्यू’ चालवून प्लग हलकेच हलवा. ‘डिसकनेक्ट’च्या ओळी धडाधड पडल्या तर दोष संपर्काचा आहे. यंत्र बंद करून, शक्य असेल तर बॅटरीही काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा आणि पूर्ण सुकू द्या. गंजावर मारायचा नेहमीचा तेलकट स्प्रे इथे नको, त्यावर धूळ आणि मीठ चिकटतं.

एसीच्या खोलीतून थेट ओटीवर आणलेल्या थंड यंत्राच्या आत दव धरतं. अर्धा तास बंदच ठेवा. जून ते सप्टेंबर यंत्र माळ्यावर टाकून देण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेलं बरं, स्वतःच्या उबेने ते सुकं राहतं. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, बॅटरी निम्मी भरून ठेवा. भिजलेला लॅपटॉप तांदळात पुरू नका, मीठ त्याने निघत नाही आणि तांदळाचं पीठ पोर्टात जातं.

वाय-फाय दिसत नाही, वेबसाइट उघडत नाही

बऱ्याच स्वस्त यंत्रांतली आरटीएल८७२३बीएस ही वाय-फायची चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते. फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर तो यादीतच येत नाही. फोनमध्ये बँड २.४ करा. इन्स्टॉल करताना वाय-फाय मुळीच चालत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुतेक लिनक्सवर काही न घालता चालतं. मग त्या जोडणीला नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची) करा. काही डेस्कटॉप मग अपडेट आपणहून उतरवत नाहीत, तरी आपोआप अपडेटचं बटणही तपासून बंद करा, नाहीतर सकाळीच दिवसाचा डेटा खलास.

पाइनबुक प्रोमध्ये एफ११ तीन सेकंद दाबलं गेलं तर वाय-फाय कीबोर्डच्या पातळीवरच बंद होतं, आणि लिनक्स कितीही वेळा नव्याने घातलं तरी परत येत नाही. पुन्हा तीन सेकंद दाबा आणि रीस्टार्ट करा.

वाय-फाय लागलंय, पण प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते आणि अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून अडतं? तारीख बघा. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख हाताने बरोबर करा, मग ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’. घड्याळ नेमकं साडेपाच तासच चुकत असेल तर बॅटरीचा दोष नाही: शेजारी विंडोज आहे आणि दोघं घड्याळ वेगवेगळ्या पद्धतीने वाचतायत. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ने भांडण मिटतं.

पडदा आडवा, मराठी वाकडी

बऱ्याच टॅबलेटचा पडदा मुळात उभा असतो, म्हणून लिनक्स आडवं दिसतं. सुरुवातीची काळी अक्षरं सरळ करायला कर्नल ओळीत ‘एफबीकॉन=रोटेट:१’ घाला, उलटं झालं तर ३. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्ये डिस्प्ले सेटिंगमधून पडदा फिरवला की टच मात्र जुन्याच दिशेला राहतो. ‘एक्सइनपुट’ या कमांडमधल्या ‘कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स’ला उजवीकडे फिरवलेल्या पडद्यासाठी ० १ ० -१ ० १ ० ० १ आणि डावीकडच्यासाठी ० -१ १ १ ० ० ० ० १ द्या. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप हे आपणहून सांभाळतो, पण २ जीबीत तो रखडतो.

व्हिडिओ अडखळतो म्हणून प्रोसेसरला शिव्या देण्याआधी हे बघा: झेड३७३५एफची ग्राफिक्स चिप एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडते, व्हीपी९ प्रकारचा नाही. ब्राउझरमध्ये एच.२६४ मागणारं एक्स्टेंशन घाला आणि ४८०पी दर्जावर समाधान माना. दहा जणांचा व्हिडिओ कॉल या यंत्रावर होणार नाही.

मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर चढवून रॅम खाऊ नका. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लेआउट असतोच. ळ शिफ्ट आणि एनवर, ऱ शिफ्ट आणि जेवर. साध्या र ला हलंत देऊन य लावला तर ‘दर्या’ उमटतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहायच्या तर शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ आणि मग काना. जोडाक्षरं तुटून चौकोन दिसत असतील तर ‘फॉन्ट्स-डेवा’ पॅकेज टाका. ग्रामपंचायतीतून आलेली जुनी फाइल मात्र तरीही अगम्य इंग्रजी अक्षरांत उघडली, तर ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल.